समोरचे बॉल जॉइंट: चारही बदलायचे की एकच, आणि घरी जमेल का?

मारेगावकडच्या एका शेतकरी भावाचा प्रश्न आहे. गाडी फोर-बाय-फोर, १६ वर्षं जुनी. पांदणीत घातली की समोर डावीकडून खडखड येते आणि डांबरी रस्त्यावर ६० च्या वर गेली की स्टेअरिंग भरकटतं. एका गॅरेजवाल्यानं चारही बॉल जॉइंट बदलायला सांगितले, दुसऱ्यानं डावा खालचा तेवढाच, आणि तिसरा म्हणाला, "वेल्डिंगचा टाका मारून देतो, दोन वर्षं पाहायचं काम नाही." भावाकडे जॅक, पाने, घण सगळं आहे. घरीच करू का, असं त्यांनी विचारलंय.

मी वणीत २६ वर्षांपासून गाड्यांच्या समोरच्या चाकांचं काम करतो. आधी तिसऱ्या माणसाचं बोलतो, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. भाऊ, वेल्डिंग करू देऊ नका. बॉल जॉइंट म्हणजे चाकाकडचा भाग आणि आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोखंडी हात) यांना जोडणारा, सगळीकडे वळणारा सांधा. त्याच्या आत एक गुळगुळीत पोलादी गोळा असतो, त्याच्याभोवती बहुतेक गाड्यांत प्लॅस्टिकची वाटी, वाटीत ग्रीस आणि तोंडावर रबरी बूट. बाहेरून टाका मारला की ती उष्णता आत जाते. वाटी वितळते, ग्रीस जळतं, बूट करपतो. टाक्याच्या कडेचं लोखंड कडक आणि ठिसूळ होतं ते वेगळंच.

दोन पावसाळ्यांआधी माझ्याकडे एक गाडी टोचन करून आणली होती. उजवं चाक मडगार्डखाली आडवं झालेलं. मालक वावरातून निघून धुऱ्याजवळ वळत होता, वेग माणसाच्या चालीइतका, म्हणून सगळे सुखरूप. आर्म काढून धुतला तर जॉइंटभोवती वेल्डिंगचे चार टाके होते आणि चारही टाक्यांच्या कडेनं चीर गेलेली. तीन ठिकाणी चीर आतून तांबूस होती, गंजलेली, म्हणजे बऱ्याच दिवसांची. चौथी चकचकीत, त्याच दिवशी तुटलेली. शेवटचे काही दिवस ती गाडी एका टाक्यावर चालत होती. त्याच गाडीतून पोरं शाळेत जात होती.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. तिघांनी तीन उत्तरं दिली, पण ढिलाई नेमकी कुठे आहे हे कुणी चाक उचलून तुम्हाला दाखवलं का? तुमच्या लिहिण्यात ते कुठे नाही. चार बदलायचे की एक, हा नंतरचा प्रश्न. खडखड म्हणजे बॉल जॉइंटच, असं मी आवाज ऐकून कधी सांगत नाही. स्टॅबिलायझर रॉडची लिंक गेली, आर्मचे रबरी बुश फाटले, शॉकअपचं वरचं रबर बसलं, तरी छोट्या खड्ड्यात तस्साच आवाज येतो आणि ही कामं बॉल जॉइंटपेक्षा पुष्कळ स्वस्तात होतात. फुल स्टेअरिंग वळवून फोर-व्हील लावल्यावर टकटक येत असेल तर आधी ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटवर (चाक वळलेलं असतानाही त्याला ताकद पोहोचवणारा सांधा) संशय घ्या.

दुसरं म्हणजे तुम्ही गाडीचं मॉडेल लिहिलेलं नाही आणि इथे त्यावर बरंच अवलंबून आहे. जिप्सी किंवा जुनी पाटावाली जीप असेल तर समोर सलग एक्सल असतो आणि नकल (ज्यावर हब-चाक बसतं आणि जो स्टेअरिंगसोबत वळतो तो भाग) वर-खाली किंगपिनच्या बेअरिंगवर फिरतो. तिथे हा बॉल जॉइंट नसतोच. ते काम शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून, स्प्रिंग काट्यानं ओढ मोजून बसवायचं असतं, त्याची रीत वेगळी. जुनी सफारी, फोर-व्हील-ड्राइव्ह स्कॉर्पिओ, पहिली सीआरडीई थार या गाड्यांना समोर वरचा आणि खालचा असे दोन आर्म आणि टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी लांब पोलादी सळई) असतो. तुमची गाडी अशीच असावी असं धरून पुढचं सांगतो.

तपासणीत सगळ्यात जास्त चूक होते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. गाडीखाली वाकून पाहा, स्प्रिंग किंवा टॉर्शन बार कोणत्या आर्मला धरलाय. ज्या आर्मला तो आहे, त्याचा बॉल जॉइंट गाडीचं ओझं उचलतो. दुसरा फक्त चाकाला उभं धरून ठेवतो. लवकर मरतो तो ओझंवाला.

बहुतेक जण चेसिसखाली जॅक लावतात, चाक लटकवतात, हलवून पाहतात आणि "ठीक आहे" म्हणतात. पण चाक लटकलं की स्प्रिंग आपल्या आर्मला खाली ढकलत राहते, वरचा आर्म आपल्या रबरी ठोकळ्यावर जाऊन टेकतो आणि दोन्ही जॉइंट ताणून घट्ट बसतात. आतला गोळा झिजून वाटाण्यासारखा झाला असला तरी त्या ताणात तो हलत नाही. बरेच खराब जॉइंट अशा तपासणीतून पास होऊन जातात.

म्हणून जॅक लावायची जागा नीट ठरवा. बार किंवा स्प्रिंग खालच्या आर्मला असेल तर जॅक खालच्या आर्मखालीच लावा, जितका चाकाजवळ लावता येईल तितका. चाक जमिनीपासून चार बोटं उचला. आता ओझं जॅकवर गेलं आणि जॉइंट मोकळा झाला. टायरखाली सब्बल घालून एकानं हलकेच उचलायचं, दुसऱ्यानं बॅटरी धरून खालच्या जॉइंटकडे बघत राहायचं. नकल आणि आर्म यांच्यामध्ये उघडझाप दिसली किंवा जॉइंटवर ठेवलेल्या बोटाला टिचकी लागली, की चोर सापडला. बार वरच्या आर्मला असेल तर वरचा आर्म आणि चेसिस यांच्यामध्ये लाकडाचा गुटका घालून मग चेसिसखालून उचला. गुटका स्प्रिंगचा दाब घेतो आणि वरचा जॉइंट मोकळा होतो. किती ढिलाई चालते, हा आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि गाडीगणिक बदलतो. आमच्याकडे जॉइंट सब्बलीखाली डोळ्यांना उघडताना दिसला की तो बदलायचा, हा नियम आहे.

मग चाक वरून आणि खालून धरून हलवा, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी. हललं तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं बंद झालं तर ते हब बेअरिंग, तरीही राहिलं तर बॉल जॉइंट. त्यानंतर ३ आणि ९ च्या जागी धरून हलवा. तिथली ढिलाई टाय रॉड एंड किंवा स्टेअरिंग बॉक्सची असते. तुमचं ६० च्या वर भरकटणं मला इथलंच वाटतं, निदान अर्धं तरी. हे सगळं डावीकडे आणि उजवीकडे, दोन्हीकडे करा. आवाज डावीकडून येतोय असं चालवणाऱ्याला वाटतं, आणि प्रत्यक्षात तो उजवीकडचा निघतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

ढिलाई सापडली की किती बदलायचे? माझं मत असं आहे. ओझंवाले जॉइंट डावे-उजवे दोन्ही सोबत बदला, एकच ढिला असला तरी. दोघंही त्याच पांदणीतून, त्याच नाल्यातून, तेवढेच किलोमीटर चाललेले आहेत. आज डावा गेलाय तर उजवा फार मागे नसतो, आणि प्रत्येक वेळी गाडी खोलायची मजुरी नि अलायमेंटचा खर्च पुन्हा लागतो. बिनओझ्याचे दोन जॉइंट ढिले नसतील, बूट शाबूत असतील आणि हातानं फिरवल्यावर ओढ एकसारखी लागत असेल तर राहू द्या. चारही बदला म्हणणारा गॅरेजवाला लुबाडतोच असं नाही. १६ वर्षांच्या गाडीत चारही गेलेले असू शकतात. फक्त त्यानं ते दाखवून सांगावं. यंदा कापसाचे पैसे यायचे असतील आणि हात आखडता असेल तर ढिला आहे तो आज बदला, दुसरा दिवाळीनंतर. पण ढिला ओझंवाला जॉइंट घेऊन एक दिवसही नाल्यात गाडी घालू नका.

आपल्याकडे हे जॉइंट इतक्या लवकर का जातात, हे जाणून घेतलं तर नवा टाकलेला टिकवता येईल. मी काढलेला जॉइंट भंगारात टाकण्याआधी गिऱ्हाइकासमोर कापतो. मागच्या महिन्यात कापला तो वरून नवाच दिसत होता. बुटाला मात्र आर्मच्या बाजूनं, सहज दिसणार नाही अशी, नखाएवढी चीर होती. आत ग्रीसच्या जागी काळपट-तांबडा लगदा. तो पुसला तर गोळ्यावर देवीच्या वणासारखे खड्डे पडलेले, आणि बोट फिरवल्यावर खरखर लागली. ही सगळी त्या एका चिरेची करामत. आपली काळी माती ओली झाली की फुगून चिकटते. पांदणीतला गारा आर्मच्या खाचेत बसतो, उन्हात वाळून विटेसारखा कडक होतो आणि चाक वळेल तसा बुटाला घासत राहतो. त्यात आपला उन्हाळा. ४५ अंशांत उभ्या गाडीचं रबर किती वर्षं मऊ राहणार? बूट फाटला की पहिल्याच नाल्यात पाणी आत शिरतं. गोळा झिजवायला ओझ्यापेक्षा पाणी आणि माती जास्त कारण होतात, हे मला कापलेल्या जॉइंटांनी शिकवलंय.

आता घरी करण्याचं. खरं सांगायचं तर ते दोन गोष्टींवर ठरतं: टॉर्शन बार आहे का, आणि जॉइंट आर्मला कसा बसवलाय. बोल्टनं बसवलेला असेल आणि तुम्ही याआधी ब्रेक, हब खोलले असतील तर निवांत दिवस पाहून घरी जमेल. कारखान्यातून रिव्हेट मारलेला असेल तर रिव्हेटची डोकी ड्रिलनं काढावी लागतात आणि त्या जागी जॉइंटसोबत आलेलेच बोल्ट लावायचे. त्यांच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. हार्डवेअरच्या दुकानातला बिनआकड्याचा बोल्ट तिथे लावू नका. प्रेसनं दाबून सर्क्लिप (खाचेत बसणारी अडकवणी रिंग) लावलेला असेल तर घण मारून तो बसवू नका. वाकडा शिरतो आणि आर्मचं भोक मोठं होतं. मी अशा वेळी पूर्ण आर्म उतरवून हायड्रॉलिक प्रेसवर नेतो. तुम्हीही आर्म काढून प्रेसवाल्याकडे न्या, मजुरी फार लागत नाही. नवा जॉइंट नुसत्या हातानं किंवा दोन ठोक्यांत आत गेला तर भोक सैल झालंय. तिथे आर्मच बदलायचा. काही गाड्यांत आर्म आणि जॉइंट एकत्रच मिळतात, तेव्हा पार्ट मागवण्याआधी दुकानदाराला चेसिस नंबर द्या.

काम सुरू करण्याआधी गाडी सपाट जागी उभी करून हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी टेपनं मोजा आणि आकडे काचेवर खडूनं लिहून ठेवा. शेवटी लागतील. आदल्या रात्री सगळ्या नटांवर आणि टॉर्शन बारच्या ॲडजस्टर बोल्टवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा.

गाडी उचलली की चेसिसखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, मी हे हात जोडून सांगतो. टॉर्शन बारमध्ये पिळाची प्रचंड ताकद भरलेली असते. तो पीळ न सोडता जॉइंटचा टेपर (नकलमध्ये घट्ट बसलेला स्टडचा निमुळता भाग) सोडवला तर आर्म झटक्यानं खाली येतो आणि मध्ये हात असेल तर हात जातो. म्हणून ॲडजस्टर बोल्ट किती बाहेर आलाय ते व्हर्नियरनं मोजून लिहा, बार आणि त्याच्या धारकावर एकाच ओळीत रंगाची खूण करा आणि मग हळूहळू पीळ सोडा. बार पूर्ण काढावा लागला तर डाव्याचा उजवीकडे जाऊ देऊ नका. दोघांचा पीळ उलट दिशेचा असतो आणि अदलाबदल झाली तर बार तुटू शकतो. कॉइल स्प्रिंगची गाडी असेल तर खालच्या आर्मखाली जॅक लावून ठेवल्याशिवाय जॉइंट सोडवायचा नाही.

ब्रेकचा कॅलिपर काढून तारेनं चेसिसला बांधा, ब्रेकच्या नळीवर लटकू देऊ नका. फोर-बाय-फोरला इथे एक जादा काम आहे. नकलमधून ड्राइव्ह शाफ्ट जातो, त्याचा हब नट आधीच, चाक जमिनीवर असताना सैल करून ठेवा. नकल मोकळा झाल्यावर बाहेर ओढला गेला तर सीव्ही जॉइंट आतून निसटतो किंवा त्याचा बूट फाटतो. बॉल जॉइंट दुरुस्त करताना सीव्ही बिघडवून बसलेली गाडी मी तरी दोनदा सोडवली आहे. नकललाही तारेनं बांधून ठेवा.

जॉइंटचा नट पूर्ण काढू नका, चार-पाच आटे ठेवा, म्हणजे टेपर सुटला तरी आर्म तिथेच अडकेल. पुलर असेल तर उत्तम. नसेल तर नकलच्या ज्या डोळ्यात टेपर बसलाय त्याच्या एका बाजूला जड घण टेकवून धरा आणि समोरच्या बाजूनं हातोड्याचा कडक ठोका द्या. डोळा क्षणभर दबतो आणि टेपर टणकन सुटतो. स्टडच्या टोकावर ठोकू नका, आटे चेपतात. नवा बसवताना टेपर आणि डोळा दोन्ही कोरडे, स्वच्छ पुसायचे. तिथे ग्रीस लावू नका, टेपर कोरड्या घर्षणावरच पकड धरतो. टॉर्क पान्यानं मॅन्युअलच्या आकड्याला कसा. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढेच कसायचा, मागे कधीही सैल करायचा नाही. पिन नवी घाला. जुनी सरळ करून परत घालणारे मेकॅनिक असतात, पण दहा रुपये वाचवायला आपण तसं करायचं नाही. आर्मचे रबरी बुशचे बोल्ट शेवटी, गाडी आपल्या ओझ्यावर जमिनीवर उभी असताना कसा. हवेत कसले तर बुश पिळलेलेच राहतात आणि लवकर फाटतात.

पार्ट घेताना एवढं पाहा. हातात घेऊन स्टड फिरवा, सगळीकडे सारखी घट्ट ओढ लागली पाहिजे. कुठे सैल, कुठे अडकणं असेल तर परत द्या. बुटाच्या दोन्ही कड्यांवरच्या रिंगा नीट बसल्या आहेत का ते बघा. डुप्लिकेट माल तिथेच पकडता येतो.

बसवून झाल्यावर पहिल्यांदा उंची. ॲडजस्टर त्या लिहून ठेवलेल्या मापावर आणा, गाडी जागेवर दोन-चार वेळा मागेपुढे करा आणि काचेवरच्या आकड्यांशी जुळवा. मगच अलायमेंट, कारण उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर असणं) दोन्ही बदलतात. वरच्या आर्मला चेसिसजवळ शिम असतील तर काढताना कुठून किती निघाले ते लिहून ठेवलेलं हवं. वणीत किंवा चंद्रपूरला अलायमेंट करून घ्या, आणि तोवर लांबचा प्रवास नको.

आपल्या भागात एक सवय फार आहे, ती मला खटकते. पांदणीत गाडी खाली टेकते म्हणून टॉर्शन बार पिळून समोर दोन इंच वर उचलतात. गाडी दिसायला छान दिसते, पण बॉल जॉइंट आणि सीव्ही दोन्ही कायम तिरपे काम करतात, वर-खाली जायची जागा संपते आणि प्रत्येक गोट्यावर आर्म ठोकळ्यावर आदळतो. तुमच्या गाडीत आधी कुणी हे केलं असेल तर नवे जॉइंटही दोन हंगामांत जातील. उंची मोजताना डावं-उजवं वेगळं निघालं किंवा वरचा आर्म ठोकळ्याला चिकटलेला दिसला तर ती खूण समजा.

ग्रीस भरायच्या निप्पलचा जॉइंट असेल तर नाल्याचं पाणी हबच्या वर गेलं की त्याच आठवड्यात ग्रीस मारा, नाहीतर दर ५,००० किलोमीटरला. बूट जरासा फुगला की थांबा, जास्त दाबलं तर तोच फाटतो. निप्पल नसेल तर बूट हेच त्याचं सगळं आयुष्य. पावसाळ्यात गाडी धुताना आर्मच्या खाचेतला गारा हातानं काढा, पण प्रेशरचा पाइप बुटावर रोखू नका. काम झाल्यावर ५०० किलोमीटरनंतर एकदा सगळ्या नटांवर पाना लावून पाहा.

आज संध्याकाळी ऊन उतरलं की डावं चाक आर्मखालून उचला, सब्बल घाला आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. मॉडेल आणि वर्षासोबत तो पाठवा, म्हणजे कोणता जॉइंट उघडतोय ते मी पाहून सांगतो. तोवर पऱ्हाटीला खत न्यायचं असेल तर बंडीनं न्या.